पोथी, प्रत आणि चकती : अभ्यासकाच्या संगणकासाठी हार्ड डिस्क व जोडणी यांची निवड

ग्रंथाचे टिकणे दोन गोष्टींवर अवलंबून असते. ज्या द्रव्यावर तो लिहिला गेला ते द्रव्य टिकले पाहिजे, आणि त्यावरील लेखन वाचण्याचे साधन पुढच्या पिढीच्या हाती असले पाहिजे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील किंवा पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद पाहिले म्हणजे या दोन गोष्टी एक नव्हेत हे ध्यानात येते. कागद शाबूत आहे, शाई स्पष्ट आहे. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि सुशिक्षित मराठी माणसाला आपल्याच पणजोबांचे पत्र वाचता येईनासे झाले. द्रव्य राहिले, वाचन गेले.

भारतीय भाषांच्या अभ्यासकाची सामग्री आज मोठ्या प्रमाणावर संगणकात असते. हस्तलिखितांची छायाचित्रे, शब्दकोशाच्या नोंदी, लोकगीतांचे ध्वनिमुद्रण, पाठभेदांची कोष्टके, अपुरे राहिलेले प्रबंध हे सारे टेबलावरील संगणकाच्या हार्ड डिस्कवर साठलेले असते. तेथेही हीच दोन अंगे आहेत. डिस्क हे द्रव्य होय. आणि डिस्क व संगणक यांच्यामधील जोडणी, जिला इंटरफेस म्हणतात, ती लिपीच्या जागी आहे. बाजारात मात्र बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात : किती मोठी, आणि किती वेगवान? हे प्रश्न अनुचित नाहीत, पण ते अपुरे आहेत. डिस्कवर कोणत्या प्रकारची सामग्री राहणार, तिच्याशी रोज कोणता व्यवहार होणार आणि वीस वर्षांनी ती कोणत्या जोडणीतून वाचली जाणार, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून केलेली निवड ही निवड नसून निव्वळ खरेदी ठरते.

१. सामग्रीचे मोजमाप

प्रथम सामग्रीचे वजन पाहणे इष्ट. संगणकातील मोजणीचे लहान एकक म्हणजे बाइट. युनिकोडच्या यूटीएफ-८ या सर्वत्र रूढ झालेल्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'ज्ञा' हे डोळ्यांना एक अक्षर दिसते. संगणकाला ते ज, हलन्त, ञ आणि काना अशी चार चिन्हे वाटतात, म्हणून त्याला बारा बाइट लागतात. रोमन लिपीतील साध्या अक्षराला एकच बाइट पुरतो. यावरून भारतीय लिप्यांतील मजकूर फार जागा व्यापत असेल असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो खरा नाही. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या या पद्धतीने लिहिल्या तरी त्या दोन मेगाबाइटांच्या आसपास मावतात. शंभर ग्रंथांच्या संहितांना दोन-तीनशे मेगाबाइट पुष्कळ झाले.

छायाचित्राचा हिशेब निराळा आहे. ए-४ आकाराचे एक पान प्रतिइंच ३०० बिंदूंच्या घनतेने, पूर्ण रंगांत आणि आकुंचन न करता टिपले तर त्यात सुमारे ८७ लाख बिंदू येतात. प्रत्येक बिंदूला तीन बाइट, म्हणजे एका पानाला सुमारे २६ मेगाबाइट. अर्थात पोथीच्या एका पानाचे चित्र संपूर्ण ज्ञानेश्वरीच्या संहितेच्या दहापटींहून जड असते. दोनशे पत्रांची, म्हणजे चारशे पृष्ठांची पोथी १० गिगाबाइटांहून अधिक जागा घेईल. ध्वनिमुद्रणाचेही तसेच. अभिलेखागारात ठेवण्यायोग्य मुद्रण सेकंदाला ९६ हजार नमुने आणि प्रत्येक नमुन्याला २४ बिट या प्रमाणाने दोन वाहिन्यांत केले, तर तासाभराला सुमारे २ गिगाबाइट लागतात. जात्यावरच्या ओव्यांचे पाचशे तासांचे मुद्रण एक टेराबाइट भरून टाकील.

तात्पर्य, संहितेवर काम करणाऱ्याला डिस्कच्या आकाराची चिंता करण्याचे कारण नाही. चित्रे आणि ध्वनी सांभाळणाऱ्याला ती करावीच लागते. ही चिंता करताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उत्पादक एक टेराबाइट म्हणजे दशमान पद्धतीने एक लक्ष कोटी बाइट धरतात, तर विंडोजसारखी प्रणाली १,०२४ च्या पटीने मोजते. म्हणून १ टेराबाइटची नवी डिस्क पडद्यावर सुमारे ९३१ गिगाबाइटची दिसते. यात फसवणूक नसून मापे दोन आहेत.

२. फिरती चकती

हार्ड डिस्कचा इतिहास १९५६ पासून सुरू होतो. त्या वर्षी आयबीएम कंपनीने आणलेल्या रॅमॅक यंत्राच्या साठवण-विभागात २४ इंच व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि त्यांवर पन्नास लाख अक्षरे मावत. यंत्र कपाटाएवढे आणि वजनाने टनापलीकडचे होते. १९८० मध्ये सीगेट कंपनीने सव्वापाच इंची, पाच मेगाबाइटची डिस्क काढली आणि टेबलावरील संगणकात डिस्क बसू लागली. पुढे क्षमता लक्षावधी पटींनी वाढली, पण तत्त्व तेच राहिले. चुंबकीय लेप दिलेली चकती गरगर फिरते, तिच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर अंतरावर वाचक-शीर्ष तरंगते, आणि हवा तो मजकूर ज्या वर्तुळावर असेल तेथे ते सरकून जाते.

या रचनेतच तिचा वेग आणि तिची मर्यादा दोन्ही आहेत. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा शीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून किंचित अधिक काळ जातो. शीर्ष सरकण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद त्यात मिळवले की प्रत्येक नव्या ठिकाणी पोचण्याची किंमत बारा-तेरा मिलिसेकंद होते. एकदा ठिकाण सापडले की मात्र चकती सलग वाचीत जाते आणि सेकंदाला दीडशे ते अडीचशे मेगाबाइट सहज देते.

म्हणजे फिरती चकती ही पोथी सलग वाचणाऱ्या पाठकासारखी आहे. ठिकठिकाणची पाने उघडून एकेक शब्द शोधणाऱ्या कोशकारासारखी नाही. मोठमोठी चित्रे, तासन् तासांचे ध्वनिमुद्रण, महिन्यातून एकदा काढावयाची प्रत, या कामांना ती उत्तम. पन्नास हजार लहान फायलींच्या संग्रहात एखादे शब्दरूप शोधावयाचे असेल तर ढोबळ हिशेबाने प्रत्येक फाइलीला बारा मिलिसेकंद, म्हणजे एकूण दहा मिनिटे, केवळ जागा गाठण्यात जातील.

येथे एका तपशिलाची दखल घेणे अवश्य आहे. क्षमता वाढवण्यासाठी काही डिस्कांवर लेखनाच्या वर्तुळरेषा एकमेकींवर अंशतः चढवलेल्या असतात. कौलारू छपरात मधले एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेली कौले आधी उचलावी लागतात. तसेच येथे जुन्या मजकुरात लहानसा बदल करताना शेजारचा पुष्कळ भाग पुन्हा लिहावा लागतो. या पद्धतीस एसएमआर म्हणतात, आणि सुट्या रेषांच्या जुन्या पद्धतीस सीएमआर. एकदा लिहून बाजूला ठेवण्याच्या प्रतीसाठी एसएमआर चालते; सतत फेरफार होणाऱ्या किंवा अनेक डिस्कांच्या संचात बसवावयाच्या डिस्कसाठी ती टाळावी. डिस्क कोणत्या पद्धतीची आहे हे वेष्टनावर लिहिलेले असतेच असे नाही. काही विक्रीयोग्य डिस्कांबाबत ही माहिती ग्राहकांना सांगितलीच गेली नव्हती हे २०२० मध्ये उघडकीस आले आणि त्यानंतर उत्पादकांनी तशा याद्या प्रसिद्ध केल्या. खरेदीपूर्वी क्रमांक घेऊन ती यादी पाहणे हिताचे.

३. न फिरणारी डिस्क

एसएसडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसते. १९८० च्या दशकात जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधलेल्या फ्लॅश स्मृतीवर ती आधारलेली आहे. अतिसूक्ष्म कोशिकांत विद्युत्भार कोंडून ठेवायचा आणि त्याच्या पातळीवरून अंक वाचायचे, असे तिचे कार्य आहे. शीर्ष सरकवण्याचे व चकती फिरण्याची वाट पाहण्याचे कारण नसल्यामुळे हवी ती जागा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर सापडते. वर उल्लेखिलेल्या पन्नास हजार फायलींसाठी दहा मिनिटांऐवजी पाच सेकंद पुरतात. संगणक सुरू होण्यास लागणारा वेळ, शब्दकोशाची सूची उघडण्यास लागणारा वेळ, दोन संहितांची तुलना, या सर्वांत हा फरक जाणवतो. संथ झालेल्या जुन्या संगणकास नवे जीवन द्यावयाचे असेल तर चकतीच्या जागी एसएसडी बसवण्याइतका परिणामकारक उपाय सहसा दुसरा नसतो.

तिच्याविषयीच्या दोन शंकांची येथे छाननी करावी लागेल. पहिली झिजेची. कोशिकेत लिहिणे-पुसणे काही हजार वेळाच शक्य असते, आणि एका कोशिकेत जितके अधिक बिट कोंबावे तितकी ही मर्यादा खाली येते. तीन बिटांच्या कोशिकेला टीएलसी आणि चार बिटांच्या कोशिकेला क्यूएलसी म्हणतात; दुसरी स्वस्त, पण झिजण्यास लवकर आणि दीर्घ लेखनात मंद. तथापि १ टेराबाइटच्या टीएलसी डिस्कवर ६०० टेराबाइट लेखनाची हमी पुष्कळदा दिलेली असते. पाच वर्षे रोज तीनशे गिगाबाइट लिहिले तरी ही हमी ओलांडली जात नाही. साहित्याच्या अभ्यासकाचे लेखन कितीही विपुल असो, त्याने ही कोशिका झिजणार नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे आणि ती सहसा घेतली जात नाही. कोंडलेला विद्युत्भार हळूहळू झिरपतो. लेखनाची मर्यादा गाठून झालेली एसएसडी वीज न देता ३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवली तर तिने मजकूर निदान एक वर्ष टिकवावा, एवढीच अपेक्षा उद्योगाच्या मानकात आहे. नवी डिस्क याहून पुष्कळ अधिक टिकते, यात संशय नाही. पण उष्णता वाढली की ही मुदत घटते, आणि नागपूर किंवा विजयवाडा येथील मे महिन्यातले बंद कपाट ३० अंशांवर राहत नाही. त्याशिवाय, फिरत्या चकतीवरून चुकून पुसलेला मजकूर तज्ज्ञाला अनेकदा परत मिळवता येतो. एसएसडीत पुसलेली जागा प्रणाली स्वतःच रिकामी करून टाकते, आणि मग तो मजकूर बहुधा कायमचा जातो. म्हणून एसएसडी ही कामाची जागा आहे, कोठाराची नव्हे.

४. जोडण्यांचा वंशवृक्ष

आता लिपीकडे, म्हणजे जोडणीकडे, वळता येईल. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत डिस्कचे नियंत्रण करणारी यंत्रणा संगणकात स्वतंत्र कार्डावर असे. १९८६ च्या सुमारास ती डिस्कच्याच अंगावर आली आणि आयडीई नावाची जोडणी रूढ झाली. तिलाच पुढे एटीए हे प्रमाणित नाव मिळाले. रुंद, चपटी, चाळीस आणि पुढे ऐंशी तारांची केबल आणि एका केबलवरील दोन डिस्कांना ज्येष्ठ-कनिष्ठ ठरवणारे लहान जंपर, ही तिची ओळख. तिची शेवटची गती सेकंदाला १३३ मेगाबाइट होती. त्याच काळात अधिक महाग व अधिक क्षमतेच्या यंत्रांसाठी स्कझी ही जोडणी होती. तिचा आजचा वारस म्हणजे सर्व्हरमध्ये वापरली जाणारी सॅस.

अनेक तारांतून एकाच वेळी बिट पाठवताना वेग वाढला की तारांमधील ताळमेळ सुटतो. यास्तव २००३ च्या सुमारास सॅटा आली. तीत बिट एकामागून एक, पण फार वेगाने जातात. केबल अरुंद, सात संपर्कांची आणि मीटरभरापर्यंत लांब. प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल, म्हणून जंपरांचा घोळ नाही. तिच्या तीन पिढ्या झाल्या, सेकंदाला दीड, तीन आणि सहा गिगाबिटांच्या. २००९ मध्ये प्रमाणित झालेली तिसरी पिढी प्रत्यक्षात सेकंदाला ६०० मेगाबाइटांपर्यंत वाहते. नवी डिस्क जुन्या सॅटा जोडणीवर आणि जुनी डिस्क नव्या जोडणीवर सामान्यतः चालते. दोहोंतील मंद गती लागू होते एवढेच.

सॅटामागची आज्ञापद्धती फिरत्या चकतीला उद्देशून होती : एकच रांग, आणि तीत बत्तीस आज्ञा. फ्लॅश स्मृतीला ती अपुरी पडू लागली. २०११ मध्ये एनव्हीएमई ही नवी आज्ञापद्धती प्रसिद्ध झाली; तीत हजारो रांगा असू शकतात, आणि डिस्क थेट संगणकाच्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गांना जोडलेली असते. अशा चार मार्गांतून तिसऱ्या पिढीत सेकंदाला सुमारे ३,९०० मेगाबाइट आणि चौथ्या पिढीत त्याच्या दुप्पट वाहू शकतात.

या आकड्यांनी दिपून जाण्यापूर्वी एक साधा विचार करावा. फिरती चकती अडीचशे मेगाबाइटांच्या फारशी पुढे जात नाही. तिला ६०० ची सॅटा पुरून उरते. रस्ता रुंद केला म्हणून बैलगाडी धावत नाही. सॅटा जोडणीची एसएसडी ५५० मेगाबाइटांपर्यंत पोचते, म्हणजे तेथे रस्ता आणि गाडी जवळजवळ बरोबरीची आहेत. एनव्हीएमईची खरी गरज सलग फार मोठा मजकूर हलवणाऱ्यास असते : चलच्चित्रांचे संपादन करणारा, किंवा हजारो पानांच्या चित्रांवर अक्षर-ओळखीची प्रक्रिया एकाच वेळी चालवणारा. शब्दसूची, संहिता आणि पत्रव्यवहार यांत गढलेल्या अभ्यासकाला चकतीकडून सॅटा-एसएसडीकडे जाताना जो फरक जाणवेल, त्याच्या अल्पांशानेही सॅटाकडून एनव्हीएमईकडे जाताना जाणवणार नाही. नव्या संगणकात एनव्हीएमई आलेलीच असेल तर ती उत्तमच. परंतु तेवढ्यासाठी चालता संगणक मोडीत काढू नये.

५. खरेदीपूर्वीची पडताळणी

प्रत्यक्ष निवडीत घोटाळा होतो तो बहुधा आकार आणि जोडणी यांच्या गल्लतीमुळे. एम.२ हे जोडणीचे नाव नसून आकाराचे व स्लॉटचे नाव आहे. २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब अशी चिंचोळी पट्टी सॅटा पद्धतीचीही असते आणि एनव्हीएमई पद्धतीचीही. दिसण्यात दोन्ही सारख्या, फक्त टोकाच्या खाचांत फरक. मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत त्या स्लॉटला यांपैकी काय चालते हे दिलेले असते. पुष्कळ मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की सॅटाच्या एक-दोन जोडण्या बंद पडतात, हेही त्याच पुस्तिकेत बारीक अक्षरांत असते. फार जुन्या संगणकाला एनव्हीएमई डिस्कवरून प्रणाली सुरूच करता येत नाही. तेथे सॅटाच घ्यावी.

सर्व्हरमधून निघालेल्या सॅस डिस्क जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. त्यांचे टोक सॅटासारखे दिसते, पण सॅटा जोडणीत त्या बसत नाहीत. २ टेराबाइटांहून मोठ्या डिस्कवर जुन्या एमबीआर पद्धतीने विभाग पाडले तर पुढची जागा वापरता येत नाही. जीपीटी पद्धत घ्यावी. बाहेरून जोडावयाच्या डिस्कबाबत यूएसबीची पिढी पाहावी : यूएसबी २ मधून प्रत्यक्षात सेकंदाला पस्तीसएक मेगाबाइट जातात, म्हणजे एक टेराबाइटची प्रत काढण्यास आठ तास, यूएसबी ३ मधून तीच प्रत फिरती चकती देईल त्या वेगाने, दीड-दोन तासांत निघते. काही तयार बाह्य डिस्कांत यूएसबीचे टोक डिस्कच्या पाटीवरच जोडलेले असते. ते टोक बिघडले तर आतली डिस्क काढून सॅटाला लावण्याची सोय राहत नाही. साधी सॅटा डिस्क आणि तिच्यासाठी सुटी पेटी घेतली की पेटी बिघडली तरी डिस्क वाचते.

या सर्वांचा मेळ घातला तर टेबलावरील संगणकाची रचना अशी ठरते. प्रणाली आणि चालू काम यांसाठी ५०० गिगाबाइट ते १ टेराबाइटची टीएलसी एसएसडी, संगणकाला मानवेल त्या जोडणीची. चित्रे व ध्वनी यांसाठी गरजेप्रमाणे ४ ते ८ टेराबाइटची सीएमआर पद्धतीची फिरती चकती, सॅटा जोडणीची. आणि तितक्याच क्षमतेच्या, पेटीतून बाहेरून जोडावयाच्या दोन चकत्या, प्रतीसाठी. केवळ संहितांवर काम असेल तर मधली चकती गाळता येईल. प्रतींच्या दोन चकत्या मात्र कोणीही गाळू नयेत.

६. कपाटातील जुन्या डिस्क

अनेक विभागांच्या आणि संशोधकांच्या कपाटांत १९९० च्या दशकातील आयडीई डिस्क पडून असतात. २०१० नंतरच्या दशकात नव्या मदरबोर्डांवरून ती जोडणी नाहीशी झाली. डिस्क कदाचित चालू असेल, पण तिला संगणकाशी बोलता येत नाही. ही मोडीच्या कागदाचीच अवस्था आहे. सुदैवाने आयडीईचे यूएसबीत रूपांतर करणारी साधने अद्याप मिळतात; ती मिळत आहेत तोवर या डिस्क उतरवून घेणे हे तातडीचे काम आहे.

जोडणी साधली म्हणजे मजकूर हाती आला असेही नाही. त्या काळचा भारतीय भाषांतील मजकूर इस्की या १९९१ मध्ये प्रमाणित झालेल्या संकेतात, किंवा त्या त्या फॉन्टच्या खासगी संकेतात लिहिलेला असे. असा मजकूर आज उघडला तर रोमन अक्षरे व चिन्हे यांचा अर्थहीन गुंता दिसतो. फॉन्टचे नाव आणि ज्या आज्ञावलीत लेखन झाले तिचे नाव माहीत असेल तर त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. माहीत नसेल तर तो मजकूर जवळजवळ कूटलिपीत जातो. म्हणून जुन्या डिस्कवरून मजकूर उतरवताना मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी, युनिकोडमधील रूप वेगळे करावे, आणि फॉन्टची नोंद दोहोंबरोबर ठेवावी. लिपी येथे दोन आहेत, जोडणीची आणि अक्षरांची. एक सुटली तरी वाचन अडते.

७. प्रत

शेवटी मूळ प्रश्नाकडे यावे लागते. कोणती डिस्क विश्वासार्ह? याचे प्रामाणिक उत्तर एकच आहे : एकटी कोणतीच नाही. चकतीचे शीर्ष आदळते, कोशिकेचा भार झिरपतो, विजेच्या झटक्याने नियंत्रकच जळतो; आणि बिघाडापूर्वी सूचना मिळेलच असे नाही. महानुभाव परंपरा सांगते की म्हाइंभटांचे मूळ लीळाचरित्र परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाले आणि अनुयायांनी स्मरणातून ते पुन्हा सिद्ध केले. त्या ग्रंथाचे अनेक पाठ आढळतात त्यामागे ही हकीकत आहे. ग्रंथ वाचला तो अनेकांच्या ठायी राहिल्यामुळे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले तेही ज्ञानेश्वरांनंतर सुमारे तीनशे वर्षे तिच्या प्रती होत राहिल्या म्हणून शक्य झाले. प्रतींनी अशुद्धे आणली हे खरे. पण प्रतींवाचून शुद्ध करण्यास काही उरलेच नसते.

दोन डिस्कांवर एकाच वेळी लेखन करणारी आरशाची पद्धत, जिला रेड-१ म्हणतात, ती प्रत नव्हे. एक डिस्क बिघडली तर तीमुळे काम थांबत नाही, हा तिचा गुण. पण चुकून पुसलेले प्रकरण आरशातूनही त्याच क्षणी पुसले जाते. प्रत ती, जी मूळापासून अलग आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, असा साधा दंडक पाळण्यासारखा आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरले. एकाच पेठेतील दोन घरांत ठेवलेल्या दोन प्रती अशा वेळी एकच ठरतात.

प्रत काढली म्हणजे ती तपासलीही पाहिजे. जुने लेखक पोथीच्या अखेरीस ग्रंथसंख्या लिहीत. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ या मापाने लेखनिकाचे वेतन ठरे आणि पोथी पुरी आहे की तुटकी हेही कळे. संगणकात याच कामासाठी पडताळा-अंक असतो. एसएचए-२५६ या रीतीने कोणत्याही फाइलीपासून चौसष्ट चिन्हांचा एक अंक निघतो. फाइलीत एखादी मात्रा जरी बदलली तरी तो अंक पूर्णपणे बदलतो. प्रत काढताना हे अंक एका साध्या यादीत लिहून ठेवावेत आणि वर्षातून एकदा चकती जोडून ते पुन्हा काढून पाहावेत. दोन याद्या जुळल्या तर प्रत निर्दोष. ग्रंथसंख्येहून हा अंक अधिक काटेकोर आहे, कारण ग्रंथसंख्येला अक्षरांची अदलाबदल कळत नसे. मात्र दोष आहे एवढेच तो सांगतो. दोष सुधारण्यास दुसरी प्रत लागतेच.

या वार्षिक तपासणीचा आणखी एक उपयोग आहे. ज्या वर्षी चकती जोडण्यास योग्य टोक सहज मिळेनासे होईल, त्या वर्षी जोडणीची लिपी मावळू लागली आहे हे कळेल, आणि मजकूर नव्या साधनावर उतरवण्यास अवसर मिळेल. पाच-सात वर्षांनी चकत्या बदलणे हा म्हणून अपव्यय नव्हे. जीर्ण झालेल्या पोथीवरून नवी उतरवण्याची जी रीत मठांतून आणि घराघरांतून चालत आली, तिचेच ते आजचे रूप आहे. पोथ्या ज्यांनी उतरवल्या त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी कोणता कागद वापरला, शाई कशी घोटली, याची चर्चा अभ्यासक करतात. पण ग्रंथ हाती आला तो कागदाच्या गुणाने नव्हे, ठरल्या वेळी कोणीतरी उतरवायला बसले म्हणून. डिस्क आणि जोडणी यांची निवड विवेकाने करावी, ती एवढ्यासाठी की हे उतरवणे सुकर व्हावे आणि चुकू नये.